जुन्या रजईचे दान

कोजागिरी उलटली, की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या मराठी घरांत पेट्या उघडण्याचा हंगाम सुरू होतो. उन्हाळा-पावसाळा डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाचा पाला यांच्या सहवासात काढलेल्या रजया, दुलया, शाली आणि कानटोप्या बाहेर येतात, गच्चीवर उन्हात पसरल्या जातात, आणि दोनचार दिवस सगळ्या घराला एक उग्र पण ओळखीचा वास येत राहतो. आमच्या पूर्वजांना ही विद्या दक्षिणेतून येताना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास येथे फौजेचा तळ दिला, तळाचे शहर झाले, आणि वस्तीचे नाव मात्र लष्कर असेच राहिले. आमच्यासारख्यांची घरे बांधली गेली ती देशावरच्या आठवणीने : मधे उघडा चौक, भोवती ओसरी, चौकात तुळस. वैशाखातल्या रात्री हा चौक वरदान ठरतो. पौषात त्याच चौकातून थंडी, न बोलावलेल्या पाहुण्यासारखी, थेट माजघरापर्यंत येऊन बसते. डिसेंबर-जानेवारीत येथील पारा रात्री कधी कधी दोनतीन अंशांपर्यंत उतरतो, आणि धुके पडले म्हणजे दुपारपर्यंत सूर्यदर्शन दुर्लभ होते.

गोव्याच्या वाचकांना हे वर्णन काहीसे परके वाटेल. तथापि त्यांच्या घरीही वैशाखात पुरुमेंताची धांदल असते. तांदूळ, मीठ, मिरच्या, सोले, सुके सरपण अशी चार महिन्यांची बेगमी करायची, कौले चाळायची, पडवीला झावळ्यांचे आडोसे बांधायचे. ऋतू निराळा, पण कृती तीच. जे दुःख आज नाही ते उद्या होणार आहे हे ओळखून आज हात हलवणे, ही ती कृती होय. गृहस्थधर्माचा बराच मोठा भाग ह्या एका कृतीत सामावलेला आहे असे मला पुष्कळदा वाटते. परंतु ही तयारी करताना आपण 'आपले' म्हणून कोणाला मोजतो, आणि मोजतो ते केव्हा मोजतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मलाही तो स्वतः होऊन सुचला नाही. एका रजईने तो माझ्यासमोर आणून ठेवला.

आमच्या घरी उन्हातून काढलेल्या रजयांचे तीन ढीग होत. एक जशाच्या तशा वापरायच्या रजयांचा, दुसरा पिंजाऱ्याकडे पाठवायच्या रजयांचा, आणि तिसरा देऊन टाकायच्या रजयांचा. 'देणे' आणि 'देऊन टाकणे' ही मराठीत दोन वेगळी क्रियापदे आहेत, हे शाळेतल्या व्याकरणात शिकवीत नाहीत. होमात आहुती सोडताना 'हे माझे नव्हे' अशा अर्थाचे शब्द उच्चारायचे असतात; त्या उच्चाराबरोबर वस्तू जाते आणि तिच्यावरचे स्वामित्वही जाते. देऊन टाकण्यातही स्वामित्व जाते खरे, पण ते आधीच गेलेले असते. रजई तिसऱ्या ढिगावर पडली त्या क्षणी ती आमची उरली नव्हती, आणि घेणाऱ्याचा तर अजून पत्ताही नव्हता. मधल्या काळात ती कोणाचीच नसे. कोणाचीच नसलेल्या वस्तूची काळजी कोण घेणार?

मी दहाअकरा वर्षांचा असेन. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना आम्ही मुले मावशी म्हणत असू. त्या वर्षी तिसऱ्या ढिगातली एक रजई त्यांच्या वाट्याला आली. रजई मोठी होती, तिचा अभ्रा धड होता, आणि उचलताना ती चांगली जड लागत होती. देताना आईला समाधान वाटले होते आणि घेताना मावशींनाही. पुढे पौषातल्या एका संध्याकाळी आईने काही निरोप घेऊन मला त्यांच्या घरी पाठवले. नाल्याच्या काठाला त्यांची एक खोली होती, दाराच्या फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी होत्या. आत पाहतो तो ती रजई जमिनीवर अंथरलेली. तिच्यावर मावशी आणि त्यांची नात एकमेकींना बिलगून बसल्या होत्या आणि दोघींच्या अंगावर गोणपाटाचे तुकडे जोडून केलेले पांघरूण व त्यावर एक जुने लुगडे होते. मी विचारले, 'मावशी, रजई खाली का घातलीत?' त्या हसल्या. म्हणाल्या, 'पांघरली तर अंग दबतं भैया, ऊब काही येत नाही. खाली घातली म्हणजे निदान जमीन तरी लागत नाही.'

त्यांच्या बोलण्यात तक्रार मुळीच नव्हती. वस्तूचा खरा उपयोग कोणता हे त्यांनी अनुभवाने शोधून काढले होते आणि तो मला समजावून सांगितला होता, इतकेच. मी घरी येऊन आईला तो जसाच्या तसा सांगितला. आईने काही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिने आपल्या अंगावरची रजई घडी करून माझ्या खांद्यावर दिली, ती मावशींकडे ठेवून त्यांची रजई घेऊन यायला सांगितले, आणि ती घेऊन आम्ही दोघे पिंजारी चाचांच्या दुकानी गेलो.

चाचांनी अस्तर उसवून आतला कापूस आमच्यापुढे उलगडला. चारी कोपऱ्यांत मुठीएवढे घट्ट गोळे जमले होते, आणि मधे, जेथे माणसाची छाती येते तेथे, अभ्रा आणि अस्तर एकमेकांस चिकटले होते. आईचा चेहरा उतरलेला पाहून चाचा म्हणाले, 'रुई मेली नाही बाईसाहेब, दबली आहे.' मग त्यांनी छताला टांगलेले पिंजण खाली ओढले, तातीवर लाकडी ठोकणी मारली, आणि त्या विशिष्ट घुमणाऱ्या आवाजाबरोबर कापूस असा काही उडू लागला की पाहता पाहता त्या गोळ्यांचा गुडघ्याएवढा पांढरा ढीग झाला. अडीच शेर कापूस तोच होता. तोळाभरही त्यात भर पडली नव्हती, उलट धूळ जाऊन थोडा घटलाच असेल.

ह्यातले शास्त्र मला पुष्कळ पुढे कळले. रजई उष्णता उत्पन्न करीत नाही. माणसाच्या अंगाची उष्णता ती अंगापाशीच अडवून धरते. हे काम वस्तुतः कापूसही करीत नाही. तंतूंच्या जाळ्यात सापडून स्थिर झालेली हवा ते करते, कारण स्थिर हवेतून उष्णता फार मंद गतीने बाहेर पडते. वर्षानुवर्षांच्या वापराने, घामाने आणि ओलीने तंतू दबून एकमेकांस चिकटतात, हवेला जागा उरत नाही, आणि रजईचे वजन कायम राहून तिची ऊब तेवढी निघून जाते. पिंजणे म्हणजे कापसात पुन्हा हवा भरणे. आम्ही मावशींना वजन दिले होते. हवा भरण्याची मजुरी त्या काळी अगदी किरकोळ होती, आणि दुसऱ्या ढिगातल्या पाच रजयांसाठी ती आम्ही त्याच आठवड्यात मोजलीही होती.

कठोपनिषदाचा आरंभ ज्यांना आठवत असेल त्यांना येथे नचिकेता आठवल्यावाचून राहणार नाही. सर्वस्वदानाचा यज्ञ चालला आहे, आणि बाप ज्या गाई दान देतो आहे त्या म्हाताऱ्या, दूध आटलेल्या, गवत खाण्याचीही शक्ती न उरलेल्या अशा आहेत. पोराच्या ते ध्यानात येते. पुढे तो यमाच्या दारी जातो, आत्मविद्या विचारतो, आणि आपण सारे त्या थोर संवादाकडे इतक्या उत्कंठेने धावतो की गोठ्यातल्या त्या गाई मागेच राहून जातात. मला मात्र त्या गाईंपाशी थांबावेसे वाटते. मृत्यूनंतर काय, हा प्रश्न ज्या मुलाला पडला त्याला त्याआधी, घेणाऱ्याला ही गाय उपयोगी पडेल काय, हा प्रश्न पडला होता. आणि उपनिषत्कारांनी ह्या साध्या प्रश्नापासूनच आरंभ करावा ह्यात मोठे औचित्य आहे. बापाने नियम मोडला नव्हता. गाय म्हणजे गाय, आणि संख्या भरली होती.

आमच्या नानांचे म्हणणे मी येथे दडवू इच्छित नाही, कारण ते टाकाऊ नव्हते. नाना म्हणाले, 'तिच्याकडे काहीच नव्हते. अंथरायला का होईना, काही तरी मिळाले. देण्याआधी इतकी चिकित्सा करू लागलात तर माणसे देणेच सोडून देतील.' व्यवहार पाहिलेल्या माणसाचे हे बोलणे आहे आणि त्यात तथ्य आहे. दानावर परीक्षा बसवली की पुष्कळ हात आखडतात, हे मी पुढे अनेकदा पाहिले. शिवाय जमिनीची थंडी ही काही लहान थंडी नव्हे. गार फरशी अंगातली उष्णता सतत ओढून घेत असते, आणि मावशींनी रजई खाली घातली हे त्यांचे शहाणपणच होते. तरीही नानांच्या युक्तिवादात एक जागा मला आजवर खटकत आली आहे. 'काही तरी' हा शब्द आपण स्वतःच्या तयारीत कधी वापरीत नाही. मुलाच्या अंगावर काही तरी घातले आहे, असे म्हणून कोणती आई निजेल? पहिल्या दोन ढिगांना ऊब हे माप होते, आणि तिसऱ्याला केवळ जागा मोकळी होणे हे माप होते. एकाच गच्चीवर, एकाच उन्हात, एकाच हातांनी हे ढीग केले जात होते. नाना आणि आई, दोघेही प्रेमळ माणसे. दोष त्यांच्या अंतःकरणात नव्हता असे मी मानतो. तो मोजणीच्या क्रमात होता. घराची तयारी पुरी झाल्यावर जे उरले, त्याला आम्ही दान म्हणत होतो.

आता आपल्या देवांकडे पाहू. उबेच्या बाबतीत देवाला आपण कधीही शेवटी ठेवलेले नाही. जगन्नाथपुरीस मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला ओढण षष्ठी म्हणतात, आणि त्या दिवसापासून वसंत पंचमीपर्यंत जगन्नाथ, बलभद्र व सुभद्रा यांना थंडीची वस्त्रे असतात. ही तीच तिथी, जी आपल्याकडे खंडोबाची चंपाषष्ठी म्हणून पाळली जाते. पंढरपुरात थंडीच्या दिवसांत विठोबाला उबदार वस्त्रे पांघरून कानांवर पट्टी बांधतात. पुष्टिमार्गीय हवेल्यांत ठाकुरजींच्या पुढे अंगीठी ठेवण्याची सेवा असते, हे बडोद्याच्या वाचकांना सांगायला नको. आणि बदरीनारायणाचे दार हिवाळ्यासाठी बंद होताना, माणा गावच्या मुलींनी व स्त्रियांनी विणलेले लोकरीचे कांबळे तुपात भिजवून देवाला गुंडाळतात. ही माणाची माणसे स्वतःदेखील त्या सुमारास वरची घरे बंद करून खालच्या गावांत उतरतात. म्हणजे आपल्या घराला कुलूप लावण्याच्या धांदलीतही देवाचे कांबळे मागे पडत नाही.

ह्या चालींची थट्टा करणे फार सोपे आहे, आणि आमच्या तरुणपणी आम्ही ती केलीही. पाषाणाला थंडी वाजते काय, असे विचारून आम्ही स्वतःला मोठे बुद्धिमान समजत होतो. आता मला त्यात एक निराळाच अर्थ दिसतो. माझ्या अंगावर काटा आला, तेव्हा समोरच्यालाही येत असेल, ही जाणीव मनुष्याला आपोआप होत नसते. तिचा अभ्यास करावा लागतो. गीतेने ज्याला आत्मौपम्य म्हटले, म्हणजे दुसऱ्याचे सुखदुःख स्वतःच्या उपमेने जाणणे, त्याचा पहिला पाठ घरातल्या बाळकृष्णाला लोकरीची अंगी घालणाऱ्या आजीकडे मिळतो. ज्याला थंडी वाजते असे सिद्ध करता येत नाही त्याच्याही थंडीची आगाऊ काळजी करणारे मन, हे काही हसण्यासारखे मन नव्हे. वाईट वाटते ते पुढच्या गोष्टीचे. अभ्यासच संपूर्ण विद्या समजून आपण तेथे थांबतो. ज्याला थंडी वाजते की नाही याविषयी वाद होऊ शकतो त्याला मार्गशीर्षाच्या पहिल्या आठवड्यात नवे वस्त्र, आणि ज्याच्या थंडीविषयी कसलाच वाद नाही त्याला, जेव्हा जमेल तेव्हा, जुने.

गर्भगृह हा शब्द ह्या संदर्भात मला नेहमी विचारात पाडतो. आज तो ऐकला की आपल्याला देवळाचा गाभारा आठवतो. परंतु चरकसंहितेच्या सूत्रस्थानात जेथे ऋतुचर्या सांगितली आहे तेथे हेमंतासाठी तेलाचा अभ्यंग, स्निग्ध आहार, जाड पांघरुणे यांच्याबरोबर उबदार भूमिगृहात वा गर्भगृहात राहावे असा उपदेश आहे, आणि तेथे तो शब्द माणसाच्या घरातल्या आतल्या खोलीसाठी आला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही निखाऱ्यांनी तापवलेल्या अशा आतल्या घराचा उल्लेख येतो. देव जेथे राहतो ती जागा आणि थंडीत माणसाने जेथे राहावे ती जागा, दोहोंना एकच नाव. भाषेने केलेले हे समीकरण आपण आचरणात फारसे वापरले नाही.

निखाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर एक सूचना करून ठेवतो. विषयांतर झाले तरी चालेल. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून निजू नये. अपुऱ्या हवेत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो; त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटीने चिकटतो. उत्तरेत दर हिवाळ्यात अशा रीतीने निजलेली कुटुंबे उठत नाहीत. आमची आजी निजायच्या वेळी शेगडी चौकात नेऊन ठेवायला लावी, आणि नानांनी झरोक्याला कागद चिकटवला तर तो पहाटे उठून फाडी. तिला रसायनशास्त्र येत नव्हते. खोली पुरती बंद करू नये, एवढे तिला येत होते.

काळ हाही दानाचा एक भाग आहे. देश, काळ आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले दान सात्त्विक, असे गीतेचे सतरावा अध्याय सांगतो. ह्यातल्या पात्रावर आपल्याकडे अतोनात चर्चा झाली, किंबहुना पात्रापात्रतेच्या नावाखाली न देण्याचीच पुष्कळ कारणे शोधली गेली. काळाचा अर्थ मात्र आपण पर्वकाळ असा लावून मोकळे झालो. उत्तरेत कांबळ्याचे दान करण्याचा मोठा दिवस मकरसंक्रांत. तीळ, खिचडी आणि कांबळे, असा त्या दिवसाचा संकेतच आहे. संक्रांत हल्ली चौदा किंवा पंधरा जानेवारीस येते. ग्वाल्हेरची सर्वांत बोचरी थंडी साधारणपणे डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत असते. म्हणजे पुण्यकाळ उजाडतो तेव्हा थंडीचा निम्माअधिक कहर होऊन गेलेला असतो. ओढण षष्ठी आणि संक्रांत यांत महिनाभराचे, कधी दीड महिन्याचे अंतर पडते. तेवढ्या रात्री देव आणि माणूस यांच्या पांघरुणात फरक राहतो.

येथील एका देवस्थानाशी संलग्न असलेल्या मंडळात मी काही वर्षे काम केले. संक्रांतीस कांबळी वाटण्याची तेथे जुनी प्रथा होती. वाटप चंपाषष्ठीला व्हावे असा प्रस्ताव मी मांडला, तेव्हा मला वाटले होते की दोन वाक्यांत काम होईल. तसे झाले नाही. एका ज्येष्ठ सभासदांनी सांगितले की लोकांची मूठ पर्वालाच उघडते. अश्विन-कार्तिकात दिवाळीचा खर्च असतो, आणि मार्गशीर्षात अजून स्वतःलाच थंडी वाजलेली नसते, तेव्हा दुसऱ्याच्या थंडीसाठी पैसे कोण देणार? हे त्यांचे शेवटचे वाक्य मी कधी विसरलो नाही. त्यांनी ते प्रस्तावाच्या विरोधात उच्चारले होते, पण प्रश्नाचे मर्म त्यांनीच सांगितले. आपल्या घरासाठी आपण थंडी वाजण्याची वाट पाहत नाही. कोजागिरीच्या सुखद हवेत आपल्याला पौषाची रात्र दिसते. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र स्वतःचे दात वाजू लागेपर्यंत ती दिसत नाही.

अखेर तोडगा काढला तो मंडळातल्या कोणी नव्हे, देवळातल्या पुजाऱ्यांनी. 'संकल्प संक्रांतीला सोडा, पैसे तेव्हाच घ्या. कांबळी पुढच्या चंपाषष्ठीला पोचवा. पावसाळ्यात भावही उतरलेला असतो,' असे ते सहज बोलून गेले. एक चिटणीस ह्यावर बराच वेळ चिंतेत होते की मग पुण्य कोणत्या वर्षाच्या खाती पडायचे. जमाखर्च त्यांच्याकडे असल्यामुळे ही चिंता स्वाभाविक होती. शेवटी प्रस्ताव मंजूर झाला. त्या वर्षी संक्रांतीला पैसे जमा केले आणि कांबळी वाटली नाहीत.

ह्याचे श्रेय मला आनंदाने घेता आले असते. पण त्या संक्रांतीला सकाळी देवळाच्या पायरीवर नेहमीची माणसे आली होती. त्यांना कोणी कळवले नव्हते. कळवायचे कोणाला आणि कसे, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही. एक वृद्ध गृहस्थ दरवर्षी येत. त्यांना मीच सांगितले की आता मार्गशीर्षात या. त्यांनी बोटांवर महिने मोजले, बरे म्हणाले, तिळाचा लाडू घेतला आणि गेले. पुढच्या चंपाषष्ठीला ते आले नाहीत. न येण्याला शंभर कारणे असू शकतील, माणूस गाव बदलतो, लेकाकडे राहायला जातो. मी चौकशी केली, पत्ता लागला नाही. योग्य काळाचा सिद्धान्त मी ज्या दिवशी अमलात आणला त्या दिवशी धुके होते आणि त्यांच्या अंगावर एक सुती चादर होती, हे मला कोणत्याही सिद्धान्ताखाली झाकता येत नाही. त्या वर्षापुरते दोन्ही वेळा वाटप करणे कठीण नव्हते. त्यासाठी तिजोरीतील थोडी शिल्लक मोडावी लागली असती. मला ते सुचले नाही, कारण मी नियम सुधारण्यात गुंतलो होतो.

मग एका घराने करावे तरी किती, असा प्रश्न उरतोच. शहरात उघड्यावर निजणारी जेवढी माणसे आहेत तेवढ्यांची थंडी मी माझ्या मुलाच्या थंडीसारखी मानू लागलो, तर चार दिवसांत मला घर उरणार नाही, आणि घर नसलेला गृहस्थ कोणाच्याच उपयोगाचा नाही. रैन बसेरे उभारणे, ते चालू ठेवणे ही नगराची आणि शासनाची कामे आहेत, ती त्यांच्याकडून करून घेतली पाहिजेत. परंतु एक वर्तुळ असे आहे की ज्याविषयी मला पळवाट दिसत नाही. धुक्यात पाच वाजता दूध आणणारा माणूस, त्यानंतर वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, गार पाण्यात हात घालून भांडी घासणारी बाई, रात्रभर फाटकापाशी बसणारा पहारेकरी, ह्यांच्या श्रमावर माझ्या घराची ऊब उभी आहे. मी अंथरुणातून सावकाश उठू शकतो, कारण ह्यांतले कोणी तरी माझ्याआधी उठले आहे. ही माणसे माझ्या दानाची पात्रे आहेत असे म्हणणेच मला थोडे अनुचित वाटते. ती माझ्या घराच्या खर्चाच्या यादीत आहेत, तेथे डाळ-तांदूळ आहेत तशी. आपण त्यांना वेतन देतो हे खरे. पण वेतनाचा करार काम ठरवतो, पौषाची पहाट ठरवीत नाही.

आईने मावशींच्या त्या रजईनंतर आमच्या घरी एक रीत घातली. तिसरा ढीग तिने बंद केला नाही, त्याची जागा बदलली. उन्हातून काढलेल्या सगळ्या रजया आधी चाचांकडे जात, आणि वाटणी त्या परत आल्यावर होई. पिंजून, टाके घालून, नवे अस्तर लावून आलेल्या रजयांत आपली कोणती आणि द्यायची कोणती हे हात लावून सांगता येत नसे. कधी कधी चांगली रजई बाहेर जाई आणि नानांच्या वाट्याला ठिगळाची येई. नाना कुरकुरत, पण पांघरीत.

चाचा गेले त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या नातवाचे दुकान त्याच गल्लीत आहे. छताचे पिंजण उतरले, त्या जागी विजेवर चालणारे यंत्र आले, आणि निम्म्या गिऱ्हाइकांना कापूसच नको असतो, कृत्रिम धाग्याची हलकी पांघरुणे हवी असतात. यंदा कोजागिरीच्या तिसऱ्या दिवशी मी सात रजया रिक्षात घालून तेथे नेल्या. मुलाने त्या उतरवून घेतल्या, हाताने दाबून पाहिल्या आणि वही उघडून विचारले, 'काका, ह्यांतल्या घरच्या किती आणि द्यायच्या किती? घरच्यांत थोडी नवी रुई घालतो, द्यायच्यांना नुसती पिंजून चालेल ना?' त्याने हे सहज, सेवेच्याच भावनेने विचारले. गिऱ्हाइकांची रीत त्याला ठाऊक होती. सातहीत सारखीच घाल, असे मी सांगितले. पण सांगण्यापूर्वी मी मनातल्या मनात नव्या रुईचा भाव गुणून पाहिला, हेही येथे लिहिले पाहिजे.